नर्सबाईंनी जिंकलेलं मैदान

नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी नर्सबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की आता यांचं उरलेलं आयुष्य खुर्चीत. नर्सबाईंनी मान डोलावली, आभार मानले, आणि घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "डॉक्टर हुशार आहेत, पण त्यांनी तुमच्याशी संसार केलेला नाही. तुम्ही किती हट्टी आहात हे त्यांना काय माहीत?"

घरासमोरचा रस्ता ओलांडला की साबणाच्या कारखान्याचं मैदान लागायचं. कारखाना कधीच बंद पडला होता, इमारतही पाडून झाली होती. उरलं होतं ते गवत, एका कडेला जुन्या झाडांची रांग आणि लोकांच्या येण्याजाण्याने पडलेली तिरपी पायवाट. मैदान कुणाच्या तरी मालकीचं होतं, पण कुणाच्या, हे कुणी विचारायच्या भानगडीत पडलं नव्हतं. त्या पायवाटेवर नर्सबाईंनी नवऱ्याला पुन्हा चालायला शिकवलं. मागून कमरेचा पट्टा घट्ट धरायच्या आणि म्हणायच्या, "चला, उजवा. आता डावा. अहो, डावा म्हणजे तो दुसरा!" नवरा हसायचा. हसताना तोंड एका बाजूला ओढलं जायचं आणि तोल जायचा, म्हणून त्या रागवायच्या, आणि तो आणखी हसायचा. पुढे तो काठी टेकत एकटा झाडांपर्यंत जाऊन यायला लागला. तसा तो आणखी बरीच वर्षं जगला. गेला तोही झोपेत, कुणाला त्रास न देता.

नर्सबाई प्रसूतिगृहात नोकरीला होत्या. आमच्या भागातली निम्मी माणसं त्यांच्या हातून या जगात आलेली. त्यामुळे दाढीमिशा फुटलेल्या बाप्यालाही त्या रस्त्यात थांबवून विचारायच्या, "काय रे, जन्मल्यावर रडायला तयार नव्हतास, आता आवाज बरा फुटलाय!" निवृत्त झाल्यावरही लोक आधी त्यांच्याकडे यायचे आणि मग डॉक्टरकडे. त्यांनी जा म्हटलं तर जायचे, थांबा म्हटलं तर थांबायचे. एवढा शब्दाला मान असलेलं दुसरं माणूस आमच्याकडे नव्हतं. पुढे जे झालं ते या मानामुळेच झालं.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी सतत काहीतरी ओढत आणायची, म्हणून बापाने तिचं नाव मुंगी पाडलं, ते कायमचं चिकटलं. मुंगी मोठी झाली, शिकली आणि आमच्याच भागातल्या शाळेत पहिलीच्या वर्गाची बाई झाली. लग्न केलं ते कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव भाजणाऱ्याशी. जावई अबोल, कामसू, हातांना कायम पीठ. लग्नानंतर वर्षभर दोघं नर्सबाईंकडेच राहिली. पण घर म्हणजे चष्मेवाल्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि शिडीसारखा उभा जिना. त्यात मुंगीला मुलगी झाली. जावई पहाटेच्या आधी उठायचा, तो उठला की पोर उठायची, पोर उठली की आजारी बाप उठायचा, आणि मग कुणीच झोपायचं नाही. कुणाचं भांडण झालं नाही, पण एकमेकांना चुकवत वावरायची वेळ आली. मग त्यांनी शहराच्या पार टोकाला, एका गॅरेजच्या वर, खोली घेतली. परवडेल अशी तीच होती.

त्या खोलीची एक भिंत बारा महिने ओलसर. रंग दिला तरी महिन्याभरात काळे डाग वर यायचे. पोरीला खोकला जडला. रविवारी ती सगळी आली की नर्सबाई आपली जुनी नळी कपाटातून काढायच्या, नातीला मांडीवर घ्यायच्या आणि तिची छाती ऐकायच्या. आत बारीक शिट्टी वाजत असायची.

"खोली बदला," त्या म्हणायच्या.

"बदलू," मुंगी म्हणायची. "तू शोध, मी लगेच सामान बांधते."

नवरा गेल्यानंतरच्या वर्षी मैदानाच्या कुंपणाला नगरपालिकेची पाटी लागली. ही जमीन मालकाकडून विकत घेऊन तिच्यावर चार मजली इमारती बांधून चाळीसेक घरं भाड्याने द्यायचा प्रस्ताव आहे. कुणाची हरकत असेल तर कळवावी. अमुक दिवशी नियोजन समितीसमोर सुनावणी होईल. पाटीखाली दिवसभर माणसांचा घोळका. चष्मेवाल्यांनी तर दुकान उघडं टाकून तीनदा वाचली.

चष्मेवाले म्हणजे नर्सबाईंचे घरमालक आणि शेजारी. माणूस वाईट नव्हता. फक्त कुठलीही नवी गोष्ट आधी त्यांच्या छातीत धडकी भरवायची आणि मग डोक्यात शिरायची. त्यांनी संध्याकाळी दुकानातच बैठक बोलावली. ही गर्दी! काचेच्या कपाटांना टेकू नका, टेकू नका, असं ते सारखं ओरडत होते. कुणी म्हणालं, एवढ्या घरांचं सांडपाणी आपल्या गटारात येणार. कुणी म्हणालं, गाड्या कुठे लावणार? कुणी म्हणालं, कोण कुठली माणसं येतील कुणास ठाऊक. मग सगळे हळूहळू गप्प झाले आणि नर्सबाईंकडे बघायला लागले.

नर्सबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. "मैदान जाता कामा नये," त्या एवढंच म्हणाल्या. झालं. ठरलं. सुनावणीत आपल्या बाजूने कोण बोलणार, हे विचारायचीही गरज उरली नाही.

त्या रविवारी मुंगी एकटीच आली. चहा झाला. मुंगीने कप धुऊन पालथा घातला आणि तशीच पाठमोरी उभी राहून म्हणाली, "आई, आम्ही त्या घरांसाठी अर्ज करणार आहोत."

नर्सबाईंनी बशीतली बिस्किटं परत डब्यात भरायला घेतली.

"पहिला हक्क इथे काम करणाऱ्यांचा आहे. आम्ही दोघंही इथे काम करतो. भाडं पगाराच्या मानाने. आणि तळमजल्याला घर मिळालं तर तुलाही येता येईल. हा जिना तू आणखी किती वर्षं चढणार आहेस?"

"घरं बांधू नका असं मी म्हणत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "इथे नको म्हणते. शहरात जागा काय कमी आहे?"

"सगळेच असं म्हणतात. प्रत्येक जण म्हणतो, दुसरीकडे बांधा. ते दुसरीकडे कुठे आहे, आई? मला तो पत्ता दे."

"तुला कळत नाही. गटाराचं बघ, रस्त्याचं बघ..."

"गटाराचं नको सांगूस मला." मुंगी वळली. "तुला गटाराचं काही पडलेलं नाही. बाबा त्या पायवाटेवर चालायचे म्हणून तुला ती हवी आहे. मलाही ते आठवतं. मीही त्यांचा पट्टा धरलाय. पण बाबा त्या मैदानात नाहीयेत गं."

नर्सबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मुंगी जवळ येऊन खाली बसली. आईच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुला विरोध करायचाय ना, कर. घरी बसून कर. मी एक शब्द बोलणार नाही. फक्त तिथे जाऊन बोलू नकोस. चष्मेवाले बोलले तर लोक जांभया देतील. तू बोललीस तर ऐकतील."

"मी सगळ्यांना शब्द दिलाय, मुंगे."

मुंगीने आईच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला. मग उठली, चप्पल पायात सरकवली आणि जिना उतरून गेली. जाताना नेहमी ती खालून "येते गं" म्हणून ओरडायची, ते त्या दिवशी ऐकू आलं नाही.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. लांबट खोली, लोखंडी खुर्च्या आणि पुढे एका मोठ्या टेबलामागे समितीचे सभासद. त्यांच्यासमोर पुठ्ठ्याच्या इमारतींचा नमुना मांडला होता. हिरव्या स्पंजची झाडं, नखाएवढ्या माणसांच्या जोड्या. नकाशा काढणारी अधिकारी तरुण होती. आमच्याकडे सगळे तिला नकाशेवाल्या बाई म्हणायला लागले होते. तिने हातातली पट्टी फिरवत सगळं नीट समजावून सांगितलं. जुनी झाडं तशीच राहतील. तिसरा हिस्सा जमीन मोकळी राहील. मुलांना खेळायला जागा, म्हाताऱ्यांना बसायला बाकं. पायवाटही ठेवलेली आहे, फक्त ती इमारतींना वळसा घालून जाईल.

नर्सबाई पहिल्या रांगेत होत्या. त्या नमुन्याकडे बघत राहिल्या. वळसा घालून जाणारी पायवाट त्यांना दिसली. जिथे जुनी वाट झाडांकडे वळायची, तिथे पुठ्ठ्याचं एक स्वयंपाकघर उभं होतं. पुढे त्यांनीच एकदा सांगितलं, की त्यानंतर ती बाई काय बोलली यातलं अक्षर त्यांच्या कानांत शिरलं नाही.

मग लोकांची बोलायची पाळी आली. प्रस्तावाच्या बाजूने बोलणाऱ्यांना आधी बोलावलं. दोघं-तिघं बोलले आणि मग मागच्या रांगेतून मुंगी उठली. ती येणार आहे हे नर्सबाईंना माहीत नव्हतं. मुंगीला गर्दीपुढे बोलायची सवय नव्हती, तिच्यापुढे कायम सहा वर्षांची पोरं. हातातला रुमाल पिळत ती म्हणाली, "मी इथल्या शाळेत शिकवते. माझा नवरा कोपऱ्यावरच्या बेकरीत काम करतो. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी सकाळी त्याच्याच हातचा पाव खाल्ला असेल. आमचा सगळा दिवस या भागात जातो, फक्त झोपायला आम्ही शहराच्या टोकाला जातो. तिथली भिंत ओली आहे. माझ्या मुलीला त्याचा त्रास होतो. आम्हाला फुकट काही नको. जिथे काम करतो तिथेच झोपायला मिळावं, एवढंच."

काही लोक हसले, पण आपुलकीने. काहींनी माना खाली घातल्या. अध्यक्षांनी घंटी वाजवली आणि मुंगी खाली बसली.

आता विरोधाची बाजू. नर्सबाई उठल्या आणि सभागृह आपोआप शांत झालं. त्या चांगल्या बोलल्या. फार चांगल्या बोलल्या, हेच वाईट झालं. आवाज चढवला नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. गटारांचं बोलल्या, शाळेसमोरच्या रहदारीचं बोलल्या, दुपारनंतर खालच्या घरांवर पडणाऱ्या सावलीचं बोलल्या. मग म्हणाल्या, "तरुण मुलांना घरं हवीत, हे मला कळतं. मी आई आहे. पण माणसाला श्वास घ्यायलाही जागा लागते. या भागाला हे एवढंच एक फुप्फुस आहे. ते काढू नका." पायवाटेबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. आणि बोलताना, बोलून झाल्यावर, खुर्चीत बसतानाही, एकदासुद्धा त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मतं हात वर करून झाली. दोन्ही बाजूंना सारखे हात झाले आणि एक सभासद उरला. गोल चेहऱ्याचा, घामाघूम झालेला माणूस. त्याची जुळी पोरं नर्सबाईंच्या हातून झालेली, आणि त्यातलं एक तर त्यांनी अक्षरशः तोंडाने फुंकर घालून जगवलेलं. तो नमुन्याकडे बघायचा, नर्सबाईंकडे बघायचा. शेवटी म्हणाला, "नर्सबाई म्हणतात तर त्यात काहीतरी असेलच," आणि विरोधात हात वर केला.

प्रस्ताव फेटाळला गेला. टाळ्यांचा नुसता कडकडाट. चष्मेवाल्यांना रडू आवरेना. बायकांनी नर्सबाईंना मिठ्या मारल्या, कुणी हात हातात घेतले. त्या घोळक्यातून मान उंच करून नर्सबाईंनी पहिल्यांदा मागे पाहिलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

मुंगी पुढचे दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी सगळी आली. जेवण झालं, नात खेळली, जावयाने गळका नळ दुरुस्त केला. नर्सबाईंनी नळी काढली, नातीला मांडीवर घेतलं. तेव्हा मुंगी शांतपणे म्हणाली, "आई, तू तिथे श्वास म्हणालीस. फुप्फुस म्हणालीस. दुसरा शब्द नाही सापडला तुला?"

नळी नर्सबाईंच्या कानांतच होती. तरीही ऐकू आलं.

त्या दिवसानंतर मुंगी कधी त्या विषयावर बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती यायची, चहा करायची, आईच्या गोळ्या संपल्यात का बघायची, आणि शेजाऱ्यांशी बोलावं तसं गोड बोलायची. मग सहामाही परीक्षा संपल्यावर जावयानेच विषय काढला. "आई, मला एका मोठ्या बेकरीत काम मिळतंय. बरंच लांब आहे. दुसऱ्या शहरात. पण ते राहायला घर देतायत. कोरडं आहे, मी भिंती हात लावून बघून आलो."

नर्सबाई एकदम म्हणाल्या, "इथे या ना! मी स्वयंपाकघरात झोपेन. आतली खोली तुम्ही घ्या. मला म्हातारीला किती जागा लागते?"

जावई पायांकडे बघत राहिला. मुंगी म्हणाली, "आपण एकदा करून पाहिलंय ते, आई."

"तेव्हा तुझे बाबा आजारी होते..."

"हो. आणि आता ही मोठी झालीये. तिला रांगायला नाही, धावायला जागा लागते." मुंगीचा आवाज कापरा झाला. सुनावणीनंतर पहिल्यांदाच. "मला नाही जायचंय गं. माझी शाळा इथे आहे. माझी पोरं आहेत वर्गात. पण हिचा आणखी एक हिवाळा मी त्या खोलीत नाही काढू शकत."

ती गेली. सामान नेणारी गाडी लहानच होती, कारण सामानच थोडं होतं. नर्सबाईंनी डब्यात काय काय भरून दिलं, नातीच्या गळ्याभोवती लोकरीचा मफलर गुंडाळला. गाडी वळेपर्यंत नात खिडकीतून हात हलवत होती. मुंगी पुढे बघत बसली होती.

मैदानाचं काय झालं, तेही सांगायला हवं. पहिले काही महिने ते तसंच होतं. चष्मेवाले येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने दाखवायचे. मग एके दिवशी सकाळी माणसं आली आणि त्यांनी मैदानाभोवती उंच पत्रे ठोकायला घेतले. मालकाने जमीन एका माल वाहणाऱ्या कंपनीला विकली होती. आत गोदाम होणार होतं. झाडं पडली तेव्हा लोक गच्चीवर उभे राहून बघत होते. चष्मेवाले आवाज ऐकून दुकानातून धावत आले, पण फाटकाशी पोचेपर्यंत शेवटचं झाड आडवं झालं होतं.

नर्सबाई नगरपालिकेत गेल्या. नकाशेवाल्या बाईंनी त्यांना ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"पाटी लागली नाही," नर्सबाई म्हणाल्या. "सुनावणी नाही. आम्हाला कुणी विचारलंच नाही. असं कसं?"

नकाशेवाल्या बाईंनी सुस्कारा सोडला. "विचारायची गरजच पडत नाही, मावशी. ती जमीन आमच्या आराखड्यात पहिल्यापासून कारखान्याचीच आहे. घरं बांधायची तर तिचा वापर बदलायला हवा होता, म्हणून पाटी, म्हणून सुनावणी. गोदामासाठी काही बदलावं लागत नाही. ते नियमातच बसतं."

"म्हणजे ते मैदान नव्हतंच?"

"कागदावर कधीच नव्हतं. आम्ही घरांच्या प्रस्तावात तिसरा हिस्सा मोकळा ठेवला होता ना, तेवढंच पहिल्यांदा मैदान म्हणून लिहिलं जाणार होतं."

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मी नमुना दाखवत होते तेव्हा."

नर्सबाई उठल्या. दाराशी त्यांना चक्कर आली, तेव्हा त्या तरुण बाईनेच त्यांना धरून खाली रस्त्यापर्यंत आणून सोडलं. त्या दिवशी घरी येऊन त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिल्या. चष्मेवाले विचारत राहिले, काय म्हणाले, काय म्हणाले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "काही नाही. आपण हरकत घेतली ना, ती मान्य झाली."

गोदाम उभं राहिलं आणि मालाच्या गाड्या सुरू झाल्या. दिवसभर खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. शाळेत मुंगीच्या जागी कुणी आलं नाही, कारण पहिलीचा वर्ग भरेल इतकी पोरंच उरली नव्हती. पुढच्या वर्षी तो वर्ग बंद झाला. आमच्या रस्त्यावर संध्याकाळी आता काठ्या टेकत चालणारी माणसं तेवढी दिसायची.

मग काही वर्षांनी नगरपालिकेने शाळेमागच्या रिकाम्या जागेवर घरांचा प्रस्ताव आणला. मैदानावरच्यापेक्षा निम्मीच घरं. पुन्हा पाटी लागली, पुन्हा चष्मेवाल्यांच्या दुकानात बैठक. पुन्हा सगळ्यांनी नर्सबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी जाणार. पण बाजूने बोलायला."

चष्मेवाल्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "अहो, सावली पडेल! गटारं..."

"पडू दे सावली."

सुनावणीत त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना काठी लागत होती. त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी मी इथेच उभं राहून तुम्हाला नको म्हणाले होते. माझं चुकलं होतं. घरं झाली असती तर माझी मुलगी आज माझ्याजवळ असती. पण ते माझं दुःख आहे, ते बाजूला ठेवा. तुमच्या भागात पोरं उरली नाहीत, एवढं बघा." मागून कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "टोपी फिरवली!" नर्सबाईंनी तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हो, फिरवली. उशिरा फिरवली."

प्रस्ताव मंजूर झाला. टाळ्या वाजल्या नाहीत. चष्मेवाले त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. वीज गेली की मेणबत्ती द्यायला वर यायचे, पण दारात ठेवून निघून जायचे.

घरं बांधून झाली. अर्जांची जाहिरात निघाली त्याच दिवशी नर्सबाईंनी मुंगीला फोन केला. श्वास लागेपर्यंत बोलत राहिल्या. तळमजल्याला आहेत, भिंती कोरड्या आहेत, मागे अंगण आहे, मी सगळी चौकशी केली आहे.

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग मुंगी म्हणाली, "आई, मला इथे शाळेत कायम केलंय. याच्या हाताखाली आता माणसं आहेत. हिच्या मैत्रिणी आहेत इथे. आम्ही रुळलो गं."

"पण घर आहे आता. मी बोलले, मुंगे. बाजूने बोलले."

"मला कळलं ते. नकाशेवाल्या बाईंनी फोन केला होता, त्यांना वाटलं मला सांगावं." मुंगी रडत होती. "चांगलं केलंस. दुसऱ्या कुणाच्या तरी पोरीला मिळेल."

त्या उन्हाळ्यात नर्सबाई पहिल्यांदा मुलीकडे आठवडाभर राहायला गेल्या. मुंगीने त्यांच्यासाठी नवी उशी आणली होती, सगळ्यात चांगला कप त्यांना दिला जात होता. नात आता त्यांच्या खांद्याला लागत होती. खोकला केव्हाच गेला होता. ती दिवसभर बाहेर हुंदडायची, धापा टाकत आत यायची आणि पुन्हा पळायची. नर्सबाईंनी नळी बरोबर आणली होती, पण पिशवीतून काढली नाही. एका संध्याकाळी नातीने सहज विचारलं, "आजी, तू कधी जाणार?" तिच्या मनात काही नव्हतं. आजीला दिलेल्या पलंगावर मैत्रिणीला झोपायला बोलवायचं होतं, एवढंच. "परवा," नर्सबाई म्हणाल्या. खरं तर आणखी तीन दिवस राहायचं ठरलं होतं. मुंगीने ऐकलं. ती ताटं मांडत राहिली.

परतीच्या दिवशी मुंगी बसस्थानकावर सोडायला आली. दोघी बाकावर शेजारी बसल्या, मधे पिशवी. बस यायला अवकाश होता.

"आई, एक विचारू? त्या दिवशी मी मागे बसले होते. तुझं सगळं भाषण होईपर्यंत मी तुझ्या पाठीकडे बघत होते. वाटत होतं, एकदा तरी वळशील. एकदासुद्धा वळली नाहीस."

"वळले असते तर मला बोलता आलं नसतं," नर्सबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर."

नर्सबाईंनी मुलीचा हात हातात घेतला. खडूने कोरडा पडलेला हात. त्या तो अंगठ्याने चोळत राहिल्या. मुंगीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. तेवढ्यात बस लागली आणि लोक घाईने उठले. मुंगीने आईला वर चढवलं, खिडकीजवळची जागा बघून बसवलं, पिशवी पायाशी ठेवली, पाण्याची बाटली हाताशी दिली.

"पोचल्यावर फोन कर. जिना हळू चढ."

"तू ये ना राहायला, आतली खोली मी तुम्हाला मोकळी करते," नर्सबाई एकदम म्हणाल्या. आपण काय बोलतोय हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. तीच खोली मुंगीने कधीच नाकारली होती.

"येईन," मुंगी म्हणाली, आणि कंडक्टर ओरडला म्हणून खाली उतरली.